साडेसहाशे ग्रॅमचं जनावर

गुरांच्या डॉक्टरला निम्मं निदान गोठ्याच्या दारातच मिळतं. म्हैस उभी आहे की बसून आहे, गव्हाणीतली वैरण हललीय की तशीच पडलीय, खाली शेण किती आणि कसं आहे, आणि मुख्य म्हणजे जबडा चालतोय का. मी काही वर्षं माण-खटावकडे सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी होते. तिकडचा माणूस जनावराचा ताप नंतर सांगतो. आधी सांगतो, "मॅडम, कालच्यापासनं रवंथ बंद हाय." मग म्हशीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून उभं राहायचं. मिनिट-दीड मिनिटात पोटाची एखादी लाट मुठीला ढकलून गेली तर पोट चालू आहे. नाही गेली तर पेटी उघडायची.

पुढे पुण्यात सिंहगड रस्त्याला स्वतःचा दवाखाना टाकला. इथं कुत्री आणि मांजरं. लसी, गोचिडं, कातडीचे रोग, रविवारच्या मटणाची हाडं खाऊन सोमवारी आलेले लॅब्रॅडॉर. गिनी पिग हे पेशंट बरेच नंतर आले. बुटाच्या खोक्यातून आले, भाजीच्या परडीतून आले, एक तर झाकणाला भोकं पाडलेल्या साबुदाण्याच्या डब्यातून आला. सोसायटीत कुत्र्यावरून भांडणं होतात, मुलाला काहीतरी हवंच असतं, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात हा प्राणी पाचेकशे रुपयांत मिळतो. दुकानदार वर सांगतो की याचं काही करावं लागत नाही, गाजर-काकडी टाकली की झालं.

कुत्र्या-मांजरांत रुळलेला डॉक्टर या प्राण्यापुढे अडखळतो, हे मी आमच्या व्यवसायात बरंच पाहिलंय. माझं उलट झालं. आकारानं ते मांजराच्या पिल्लाएवढं दिसत असलं तरी आतून ते सरळ गुरांच्या बाजूचं आहे. गवत खाऊन पोटात आंबवणारं जनावर. गाय हे काम आतड्याच्या आधी, मोठ्या पोटात करते, म्हणून तिला घास पुन्हा तोंडात आणून चघळता येतो. गिनी पिगचं आंबवण चालतं मागच्या बाजूला, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या एका मोठ्या पिशवीत. तिथं जंतूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं नीट शोषून घ्यायला पुढे पुरेसं आतडं उरत नाही. म्हणून ते खाली मान घालून आपल्याच मऊ लेंड्या थेट तोंडात घेतं आणि सगळा माल दुसऱ्यांदा आतून फिरवतं. मालकांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे वाकडे होतात. "जंत झालेत का हो?" असं विचारतात. नाही हो, हा त्याचा रवंथ.

ज्याचं पोट असं चालतं त्याला उपास चालत नाही. कुत्रं दिवसभर जेवलं नाही तर मी फोनवर "उद्या बघू" म्हणू शकते. गिनी पिगनं दहा-बारा तास तोंड हलवलं नसेल तर मला ते त्याच दिवशी बघायचं असतं. आतडं मंदावतं, वायू धरतो, वायूनं पोट दुखतं, दुखतं म्हणून ते आणखी खात नाही. आतल्या जंतूंची वस्ती बिघडते. अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृतच बसतं. वर हा प्राणी दुखणं लपवण्यात पटाईत. अँडीजच्या पठारावर त्याच्या पूर्वजांना मांस खाणाऱ्यांपासून जीव वाचवायचा होता, तिथं आजारी दिसणं परवडत नव्हतं. त्यामुळे मालकाला ते आजारी दिसतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. माझ्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या मुलीला मी सांगून ठेवलंय की गिनी पिगचा फोन आला तर नाव-वय नंतर विचार. आधी विचार, शेवटचं कधी खाल्लं आणि आज लेंड्या किती पडल्या.

एका जूनमध्ये, पाऊस नुकता सुरू झाला होता, तेव्हा एक आजोबा नातीला घेऊन आले. परडीत टॉवेल, टॉवेलात तात्या. विटकरी-पांढरा, ओठांच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके, त्यावरून हे नाव. नात नऊ-दहा वर्षांची. मी विचारायच्या आत तिनं सांगितलं, "तात्या कोथिंबिरीपाशी पळत येतो, वास घेतो, तोंडात धरतो आणि मग टाकून देतो."

मोठी माणसं म्हणतात, "खात नाही." या पोरीनं पाहिलं होतं ते नेमकं. ज्याला भूक नाही ते जनावर चाऱ्याजवळ येतच नाही. जवळ येऊन, तोंडात घेऊन टाकतं, म्हणजे पोटाला हवंय आणि तोंडात काहीतरी अडतंय. म्हशीच्या जिभेला तार लागली असली तरी हेच चित्र दिसतं.

आजोबांनी, नात त्यांना आबा म्हणत होती, खिशातून काडेपेटी काढली. आत कागदाचे दोन कप्पे. एकात आधीच्या, भरलेल्या, एकसारख्या लेंड्या. दुसऱ्यात त्या सकाळच्या, बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या. मग वही काढली. तारीख आणि वजन. एप्रिलपर्यंत वजन ८९० ग्रॅमच्या आसपास स्थिर. मग सव्वा महिना आबा कोकणात घराची कौलं बदलायला गेलेले, तेवढा कागद कोरा. परत आल्यावर काट्यावर घातलं तर ६५०. घरचे म्हणत होते, उन्हानं बारीक झालाय.

पाळलेल्या गिनी पिगच्या वजनाची वही घेऊन आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. विचारलं, तर म्हणाले, "सवय आहे मॅडम. चाकरीच तीच होती." मुंबईतल्या एका लस तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात त्यांनी उभी नोकरी केली होती. लशीची खेप तयार झाली की तिचा नमुना गिनी पिगला टोचायचा आणि मग रोज वजन. वजन घटलं की साहेबांना कळवायचं. क्षयाच्या निदानासाठीही त्या काळी रुग्णाच्या थुंकीचा नाहीतर लघवीचा नमुना गिनी पिगला टोचत आणि काही आठवड्यांनी ते उघडून बघत. आबांनी हे सगळं आपल्या हातानं केलेलं. मला एक उमगेना, इतकं माहीत असलेल्या माणसाच्या घरी जनावरावर ही पाळी कशी आली. तेही त्यांनीच सांगितलं. "तिथं मॅडम, तीन वर्षांचा गिनी पिग मी बघितलाच नाही. एवढं वय कुणाचं व्हायचंच नाही."

टेबलावर घेतलं, उलटं केलं, तर तात्या मादी. नात क्षणभर माझ्याकडे रागानं बघत राहिली. मग म्हणाली, "पण नाव तात्याच." दुकानातून नर म्हणून घेतलेली मादी आणि मादी म्हणून घेतलेला नर हे इतकं नेहमीचं आहे की मी त्यावर आता काही बोलत नाही. अपवाद एकच, दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलेलं असलं तर.

हनुवटी ओली होती, छातीवरचे केस लाळेनं चिकटलेले. गिनी पिगचं तोंड उघडून बघणं हा एक वैतागच आहे. ओठांची फट बोटाच्या पेरापेक्षा लहान, आतून गालांच्या घड्या मध्ये येतात, आणि अडकलेलं अन्न सगळं झाकून टाकतं. कान तपासायच्या दिव्याची नळी आत घालून जे दिसलं त्यावरून अंदाज खरा निघाला. गिनी पिगचे वीसही दात, दाढांसकट, जन्मभर वाढत राहतात. खालच्या दाढा मुळातच जिभेकडे झुकलेल्या. त्या झिजल्या नाहीत की दोन्ही बाजूंची टोकं आत वाढत जिभेवर जवळ येतात, शेवटी तिच्यावर पूल बांधतात आणि जीभ खाली अडकते. घास मागे ढकलता येत नाही. हे झिजवायचं काम गवताचं. गवताच्या पात्यात वाळूसारखे सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते पातं आडवं रगडून खावं लागतं, दिवसातले कितीतरी तास. तात्याला मिळत होते दुकानातले रंगीत दाणे, काकडी, गाजर आणि पोळीचा तुकडा. म्हणजे तोंडात जाऊन लगेच खाली उतरणाऱ्या वस्तू.

त्यात क जीवनसत्त्व कमी पडलेलं. गाय, कुत्रा, मांजर आपापल्या यकृतात ते तयार करतात. माणूस, माकडं आणि गिनी पिग यांना ते जमत नाही. ही गोष्ट जगाला कळली तीही गिनी पिगमुळेच. १९०७ मध्ये नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिख हे दोघं खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजारावर काम करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना भलताच आजार झाला: हिरड्या सुजल्या, दात हलले, सांध्यांत रक्त साकळलं. तो स्कर्व्ही होता. उंदरांवर प्रयोग केला असता तर काहीच दिसलं नसतं. दाढ जबड्यात धरून ठेवणारे धागेही याच जीवनसत्त्वावर उभे असतात. ते सैल पडले की दाढ कलते आणि वेडीवाकडी वाढते. गिनी पिगच्या खाद्याच्या पाकिटावर "क जीवनसत्त्वयुक्त" असं छापलेलं असतं, पण पाकीट बनल्यापासून तीन महिन्यांत त्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं. मी मालकांना पेरू, ढोबळी मिरची, आवळ्याची फोड असं सांगते. निरोगी गिनी पिगला किलोमागे रोज दहा मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व पुरतं, आजाऱ्याला त्याच्या तिप्पट-चौपट लागतं. पाण्यात औषध मिसळू नका म्हणते, उजेडात ते टिकत नाही आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच सोडतं.

आबांना वाटलं, लगेच भूल देऊन दात घासू. मी नाही म्हटलं. रिकाम्या पोटाच्या, सुकलेल्या जनावराला भूल देणं म्हणजे परतीचं तिकीट न काढता प्रवासाला पाठवणं. आधी पोट चालू करायचं. कातडीखाली सलाईन सोडलं, कारण या प्राण्याची शीर सापडणं हीच एक शस्त्रक्रिया असते. दुखणं कमी करायला मेलॉक्सिकॅम, आतडं हलवायला दुसरं औषध, अंगाखाली कोमट पिशवी. आणि मग खरा उपचार, तो आबांच्या हाती.

पिचकारीनं भरवणं. या कामासाठी गवताची पूड करून तयार केलेलं परदेशी खाद्य मिळतं, महाग असतं पण मिळतं. ते नसलं तर गवतापासून बनवलेल्या साध्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून घ्यायच्या. किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ८० मिलिलिटर. म्हणजे तात्याला चाळीसेक मिलिलिटर, एक-एक मिलिलिटरच्या पिचकारीनं, दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, पाठीवर कधी झोपवायचं नाही. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये गालाजवळ मोकळी जागा असते, तिथून पिचकारीचं टोक आडवं आत. अर्धा मिलिलिटर सोडायचा आणि थांबायचं. जबडा हलला, गिळलं, मग पुढचा. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि मग न्यूमोनिया. गुरांना बांबूच्या नळीतून औषध पाजताना मान फार वर धरू नका, जीभ ओढू नका, असं मी गोठ्यागोठ्यांत सांगत फिरले आहे. सूचना त्याच, फक्त नळी लहान झाली.

बहुतेक मालकांना हे शिकवायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि पहिल्या रात्री निम्मं खाद्य त्यांच्या शर्टावर जातं. आबांना शिकवावं लागलं नाही. एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंगठा बरगडीवर टेकलेला पण दाब नाही. जनावर त्यांच्या हातात गेल्याबरोबर धडपडायचं थांबलं. मी तसं म्हटल्यावर ते पिचकारीकडे बघत म्हणाले, "धरायची सवय आहे. सुईसाठीच धरलं आजवर. भरवायला नव्हतं धरलं."

मला हा माणूस आवडला, त्याचं एक कारण असं की आम्ही दोघं एकाच तऱ्हेच्या धंद्यातून आलो होतो. गोठ्यात आजारी जनावराचा प्रश्न शेवटी दुधाशी किंवा कामाशी येऊन थांबतो. "पुन्हा गाभण राहील का?" नसेल राहणार तर मालक मला औषध थांबवायला सांगायचा, आणि दुष्काळी तालुक्यात त्याला नावं ठेवायचा मला हक्क नव्हता. प्राणिगृहात तर आजारी जनावर म्हणजे बिघडलेला आकडा, त्याची नोंद करून ते काढून टाकायचं. आम्ही दोघंही जनावराकडे बघताना मनात एक खातं उघडून बघायला शिकलेलो. तात्याच्या खात्यात जमेला काहीच नव्हतं. ती दूध देणार नव्हती, तिच्यावर लस तपासायची नव्हती, आणि ती पाचशे रुपयांची होती.

मुंबई आणि गिनी पिग यांचं नातं तसं जुनं आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. प्रयोगशाळा पुढे परळला गेली. पण प्लेग पसरतो कसा हे ठामपणे सिद्ध व्हायला आणखी वर्षं जावी लागली. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाच्या लोकांनी मुंबईतल्या प्लेग झालेल्या खोल्यांत गिनी पिग मोकळे सोडले. खोलीतल्या उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा व्हायच्या, मग त्या मोजायच्या. ज्या गिनी पिगना पिसवा पोहोचणार नाहीत अशा बारीक जाळीत ठेवलं ते वाचले, उघडे होते त्यांतले बरेच प्लेगनं मेले. शहराला घुशी-उंदरांच्या पिसवांचा मार्ग कळला तो असा. आबांना हे ठाऊक होतं, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं सांगितलेलं. ते त्यांनी मला भरवता भरवता सांगितलं, कसलाही सूर न लावता.

तिसऱ्या दिवशी लेंड्या वाढल्या, काडेपेटी पुन्हा आली. वजन ६५० वरून खाली गेलं नाही, ६६० झालं. पोटावर लहान मुलांचा स्टेथोस्कोप लावला तर गुरगुर ऐकू आली. मुठीला जागा नव्हती, पण बघत होते ते तेच. मग भूल द्यायचं ठरलं.

यातलं शस्त्रकर्म दहा मिनिटांचं. भुलीचा वायू मास्कमधून, तोंड उघडं ठेवायला लहान चाप, गाल बाजूला सारायला दुसरा, आणि दंतवैद्यांचं घासायचं यंत्र. वाढलेली टोकं उतरवली, जीभ मोकळी झाली. सगळी कसरत असते ती भुलीची. घशात नळी घालणं जवळजवळ अशक्य, कारण घशाशी मऊ पडद्याचं एक लहानसं छिद्र असतं तेवढीच वाट. हा प्राणी ओकू शकत नाही, म्हणून भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवायची गरज नाही, उलट ठेवूच नये. मात्र तोंडात साठलेला चोथा धुऊन काढावा लागतो. आणि अंग इतकं लवकर गार पडतं की मी जूनमध्येही एसी बंद करून, कोमट बाटल्या रचून काम करते. माझा मदतनीस घामाघूम होतो आणि शिव्या पुटपुटतो.

औषधांबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण तिच्यापायी दरवर्षी एखादं तरी जनावर मरताना बघते. एक गृहस्थ, स्वतः माणसांचे चांगले डॉक्टर, मुलाचा गिनी पिग शिंकत होता म्हणून घरातलं अमॉक्सिसिलिनचं लहान मुलांचं सिरप त्यांनी वजनाच्या हिशोबानं अचूक मोजून दिलं. डोस बरोबर होता. तिसऱ्या दिवशी पातळ जुलाब, चौथ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा अंग थंड होतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडानं दिली की गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम माजतो, त्याच्या विषानं जनावर जातं. क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन हीही त्याच यादीत. १९४० मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली चाचणी पांढऱ्या उंदरांवर झाली आणि ते वाचले. १९४३ मध्ये पेनिसिलिन गिनी पिगना मारतं हे दिसून आलं. चाचणीसाठी त्या दिवशी दुसरा पिंजरा उघडला असता तर हे औषध कदाचित कपाटातच राहिलं असतं. गाईच्या कासेला मी पेनिसिलिनच्या किती नळ्या चढवल्या असतील! पोट दोघांचं आंबवणाऱ्याचंच, पण इथं गुरांचा अनुभव उपयोगाचा नाही, इथं पाठ केलेली यादीच लागते. आमच्याकडे एन्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम अशी काही चालणारी औषधं आहेत, तीही जपून. केमिस्टकडून काही आणायच्या आधी फोन करा, एवढंच मी लोकांना बजावते. डॉक्टर असाल तर आधी करा.

तात्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पाचव्या दिवशी तिनं कोथिंबिरीची काडी टोकापासून देठापर्यंत संपवली. नातीनं त्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात आबांचा फक्त गुडघा दिसतो. वजन आठशेच्या वर गेलं, आठशे नव्वदपर्यंत परत कधी गेलं नाही. एकदा कललेल्या दाढा सरळ होत नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा घासाव्या लागल्या, मग पुन्हा. प्रत्येक वेळी बिल हजारांत. तिसऱ्या खेपेला सूनबाई बरोबर आल्या. बाहेर बाकावर बसून त्यांनी सासऱ्यांना हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, विचारलं की एवढ्यात नवीन दहा आले नसते का. प्रश्न गैर नव्हता, घर त्या चालवत होत्या. आबा म्हणाले, "आले असते. माझ्या पेन्शनीतून जातंय, राहू दे." मी बिलातून माझी फी कमी केली, वस्तूंची किंमत घेतली. दरवेळी तसं करता येत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना मी स्पष्ट सांगते की हा आजार आयुष्यभर चालेल, आणि भरवायला घरात माणूस नसेल तर जनावराला उपाशी ठेवून तिष्ठत ठेवण्यापेक्षा झोपवून टाकणं बरं. ते वाक्य म्हशीच्या मालकाला सांगणं मला सोपं जायचं. दहा वर्षांच्या मुलासमोर जड जातं.

गवताचा प्रश्न मात्र अजून नीट सुटलेला नाही. परदेशी टिमथी गवताची पाकिटं मिळतात, पण किलोभर गवताला लोक जेवढे पैसे मोजतात ते ऐकून माणमधला कडब्याचा शेतकरी हसत सुटेल. मी हरळी सांगते. देवळाबाहेर दूर्वा विकणाऱ्या बाया असतात, त्यांच्याकडे जुडीनं मिळते. धुऊन, सावलीत सुकवून घालावी. कुंड्यांत मका पेरून त्याची पानं काढणारेही आहेत. ओला लसूणघास मात्र पिल्लांपुरता आणि गाभण मादीला, मोठ्यांना नको. त्यात कॅल्शियम फार, आणि गिनी पिगच्या मूत्राशयात खडे चटकन होतात. कोवळी ज्वारी तर मुळीच नको. ज्वारीच्या कोवळ्या पाल्यानं दावणीला फुगून पडलेल्या गाई मी पाहिल्यात, तो पाला साडेसहाशे ग्रॅमच्या जनावराला घालून प्रयोग करायची माझी तयारी नाही.

आता शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची मुलं सुट्टीत माझ्याकडे येऊन बसतात. यंदाचा मुलगा सांगोल्याचा आहे, घरी दहा-बारा जर्सी. पहिल्या दिवशी गिनी पिग टेबलावर आला तेव्हा तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि नंतर मला विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतंय का?" नाही येत, म्हटलं. पण घरच्या जर्सीनं चारा सोडला की तू काय बघतोस? त्यानं पाच गोष्टी भराभर सांगितल्या, रवंथ, शेण, कुशीची हालचाल, तोंडाची लाळ, पाणी. त्यातल्या चार त्याला टेबलावर तपासायला लावल्या. पाचवीसाठी काडेपेटी मागितली. परवा सकाळी आठला एक दाढा घासायची केस ठेवली आहे, चाप धरायला त्याला साडेसातला बोलावलंय.